बिगहॉर्न मेंढ्याच्या शिकारीचा परवाना : अर्ज कोणकोणत्या राज्यांत करावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी अमेरिकेतील कोलोरॅडोत राहतो. एल्क या मोठ्या हरणाची शिकार येथील नियमांनुसार करत आलो आहे आणि आता बिगहॉर्न या रानमेंढ्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचे ठरवले आहे. पश्चिमेकडील राज्यांच्या सोडतींचा अनुभव असलेल्या सभासदांचा सल्ला हवा आहे. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, याची मला जाणीव आहे, शिकार असावी की नसावी, याची चर्चा वेगळ्या धाग्यावर झाल्यास मी तेथे मनापासून भाग घेईन.)

परवाने इतके थोडे का, हे मला पटलेले आहे. पाळीव मेंढ्यांकडून येणाऱ्या जिवाणूमुळे न्यूमोनिया पसरला, की कळपच्या कळप खंगतात आणि पुढे कित्येक वर्षे कोकरे जगत नाहीत. त्यामुळे राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी हात आखडता घेणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो मर्यादित पैसे आणि उरलेली उमेदीची वर्षे कोठे लावावीत, हा.

कोलोरॅडोत आधी तीन प्राधान्य गुण (सोडतीत नाव न निघाल्यास अर्जदाराच्या खात्यावर जमा होणारे गुण) साठवावे लागतात आणि त्यानंतरचे गुण सोडतीत भारांकाने धरले जातात, म्हणजे ते जितके अधिक तितकी निवडीची शक्यता वाढते. नेवाडात अशाच बोनस गुणांचा वर्ग करतात (गुणांच्या संख्येला त्याच संख्येने गुणतात), म्हणजे जुन्या अर्जदाराचे पारडे दरवर्षी अधिकच जड होत जाते. आयडाहो आणि न्यू मेक्सिको येथे गुणपद्धतच नाही, त्यामुळे उशिरा सुरुवात करणाऱ्यालाही इतरांइतकीच संधी असते. मात्र न्यू मेक्सिकोत परवान्याचे पूर्ण शुल्क अर्जासोबतच भरावे लागते आणि निवड न झाल्यास ते परत मिळते. माझ्यासारख्याने नेवाडात आता गुण जमवायला घेणे शहाणपणाचे आहे का, की घरचे राज्य आणि गुण नसलेली ही दोन राज्ये एवढ्यावरच भर द्यावा?

दुसरा प्रश्न माँटानाचा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडील ‘अमर्याद’ विभागांत मुदतीत अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला परवाना मिळतो, परंतु ठरलेल्या संख्येइतके नर मारले गेले की तो विभाग बंद होतो. डोंगर उभे, ग्रिझली अस्वलांचा वावर आणि मेंढे विरळ. तेथे कोणी स्वतः गेले असल्यास, वाटाड्याशिवाय जाणे कितपत सुरक्षित आहे, हे कृपया सविस्तर लिहावे.

नर पारखण्याबाबतही मार्गदर्शन हवे आहे. कोलोरॅडोतील जॉर्जटाउनजवळ महामार्गालगतच्या कड्यावर दुर्बिणीतून मी मेंढे न्याहाळतो. शिंगांवरची वर्षागणिक उमटलेली वलये जवळून मोजता येतात. पण वयस्कर नराने खडकावर घासून शिंगांची टोके झिजवलेली असली, की शिंगाचा वळसा शिकारीच्या नियमात बसण्याइतका आहे की नाही, हे दुरून ठरवताना मी अजूनही अडखळतो. चुकीच्या जनावरावर गोळी झाडण्यापेक्षा रिकाम्या हाताने परतणे मी पत्करीन.

लिलावाचा मार्ग कृपया सुचवू नये. माँटानाचा एक परवाना २०१३ मध्ये ४,८०,००० डॉलरना गेला होता. तो पैसा संवर्धनाच्या कामी येतो, याबद्दल मला आदरच आहे, परंतु तो माझ्या आवाक्यातला नाही.

न्यू मेक्सिकोची मुदत मार्चमध्ये आणि कोलोरॅडोची एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, त्यामुळे फेब्रुवारीअखेरपर्यंत उत्तरे मिळाल्यास पैशांची तजवीज वेळेत करता येईल.