‘गोतावळा’ ग्रुप : आजीला रॉकी पर्वतात न्यायचं का?

निनाद : मंडळी, आई-बाबा (केतकीचे मीनाकाकू-अनिलकाका) आणि आजी जुलैच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत आमच्याकडे डेन्व्हरला येताहेत. एक दिवस रॉकी माउंटन नॅशनल पार्कला जाऊ म्हणतोय. दोन जागा डोक्यात आहेत, एमराल्ड लेक आणि अल्बर्टा फॉल्स. एक तळं, एक धबधबा. दोन्हीकडे लोक लहान मुलं घेऊन जातात, आमची ओवी गेल्या उन्हाळ्यात जाऊन आली आहे. प्रश्न आजीचा आहे. आत्या, काका, बोला.

शैलाआत्या : आईला डोंगरावर न्यायचं नाही. झालं माझं बोलून.

सुहासकाका : अंतर किती, चढ किती? आकडे टाक आधी.

निनाद : एमराल्ड लेक बेअर लेकच्या पार्किंगपासून १.८ मैल, म्हणजे जाताना तीन किलोमीटरच्या आत आणि येताना तेवढंच. चढ साडेसहाशे-सातशे फूट. वाटेत निम्फ आणि ड्रीम अशी आणखी दोन तळी लागतात. अल्बर्टा फॉल्स ग्लेशियर गॉर्जच्या बस थांब्यापासून ०.८ मैल, चढ दोनशे फुटांच्या आत.

सुहासकाका : एवढंच? सिंहगडाचा चढ याच्या दुपटीहून जास्त आहे. आई साठीत सिंहगड चढली, वर पिठलं-भाकरी खाल्ली आणि चालत उतरली.

शैलाआत्या : साठीत. आता तिला शहात्तरावं चालू आहे. आणि उतरल्यावर आठ दिवस गुडघे कोण शेकत होतं, ते मला विचार.

केतकी : बाबा, चढ सोडा, उंची बघा. बेअर लेकचं पार्किंगच ९,४७५ फुटांवर आहे. चालायला सुरुवात तिथून. एमराल्ड लेक १०,१०० फुटांच्या आसपास. कळसूबाईचं शिखर ५,४०० आहे.

निनाद : आणि डेन्व्हर ५,२८०. आम्ही कोथिंबीर आणायला जातो तेसुद्धा जवळपास कळसूबाईच्या उंचीवर.

अनिलकाका : म्हणजे विमानातून उतरलो की कळसूबाई झालं आमचं. फोटो टाकतो विमानतळावरून 😄

सुहासकाका : केदारनाथ साडेअकरा हजारांच्या वर आहे. तिथे वर्षानुवर्षं म्हातारी माणसं जातात.

केतकी : जातात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना त्रासही होतो. डॉक्टर म्हणून सांगते. आठ हजार फुटांच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, रात्री झोप न लागणं. तरुण आहे, व्यायाम करतो, म्हणून सुटका नाही. दादा, कुठल्या दिवशी जायचं म्हणतोस?

निनाद : ते गुरुवारी पोचतात. शनिवार धरला होता.

केतकी : अजिबात नको. साडेअकरा तासांचा फरक, शरीराला दिवस की रात्र ते कळत नसतं. किमान आठवडा डेन्व्हरमध्ये राहू दे, रोज थोडं चालू दे. मग एक रात्र एस्टेस पार्क गावात काढा, ते साडेसात हजारांवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचं डोकं दुखत असेल तर वर जायचंच नाही, गोळी घेऊनसुद्धा नाही.

मीनाकाकू : केतकी, आईंची बीपीची गोळी आहे ना, त्याने काही?

केतकी : काकू, त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते डॉक्टरांना विचारा. उंचीवर हवा कोरडी, पाणी कमी पडतं, चक्कर येऊ शकते. आणि शेजारच्या कुणी ‘लडाखला जाताना घेतात ती गोळी’ दिली तर परस्पर घेऊ नका. सल्फाची अॅलर्जी असेल तर ती चालत नाही.

सुहासकाका : (फॉरवर्ड) 🌹 शुभ सकाळ 🌹 जो पाण्यासारखा वाहतो तोच सागराला मिळतो 🙏

शैलाआत्या : सुहास, इथे आईच्या तब्येतीचं चाललंय.

सुहासकाका : चुकून इथे आला. दुसऱ्या ग्रुपचा होता.

गौरी : मी बोलू का? आपण तळं आणि धबधबा एकाच माळेत ओवतोय, म्हणून अडतंय. तळं बघायला एमराल्डपर्यंत चढायची गरजच नाही. बेअर लेक गाडीतळाशेजारीच आहे. त्याच्याभोवती फिरायची वाट मैलाच्या आत, थोडा चढउतार, मधे बसायला बाकं. समोर हॅलेट शिखर दिसतं, १२,७०० फुटांचं. आजीसाठी ते भरपूर झालं. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी जावं.

मीनाकाकू : मी आईंबरोबर बाकावर. ठरलं.

गौरी : थांबा आई, त्याहून सोपं आहे. खाली स्प्रेग लेक आहे, ८,७०० फुटांवर. सपाट वाट, व्हीलचेअरही जाते. पहाटे पाणी अगदी शांत असतं, पलीकडची सगळी रांग पाण्यात दिसते. सुरुवात तिथून करावी असं माझं मत. आजीला तिथे धाप लागली तर वर न्यायचा प्रश्नच मिटला.

निनाद : हे बरोबर आहे. त्याची गोष्ट पण आहे. अॅबनर स्प्रेग नावाच्या माणसाचं तिथे लॉज होतं. पाहुण्यांना मासेमारी करता यावी म्हणून त्याने ओढा अडवून हे तळं केलं. आणि अल्बर्टा फॉल्सला नाव आहे ते त्याच्या बायकोचं.

मीनाकाकू : बायकोच्या नावाचा धबधबा! अनिलराव, वाचताय ना? आमच्या नावावर अजून फ्लॅटचा पार्किंगसुद्धा नाही.

अनिलकाका : नेटवर्क नाहीये. नंतर बोलतो.

सुहासकाका : मी आत्ता वाचलं, हे पार्क २६ जानेवारी १९१५ ला झालं. आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या पस्तीस वर्षं आधी.

शैलाआत्या : बरं मग?

सुहासकाका : मग काही नाही. माहिती.

निनाद : 😄 आता परवाना. साधारण मे अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बेअर लेक रस्त्यावर जायला वेळेचं आरक्षण लागतं, पहाटे ५ ते संध्याकाळी ६. त्यात दोन प्रकार असतात. आपल्याला बेअर लेक रस्त्याचं नाव असलेलंच हवं. नुसतं पार्कचं घेतलं तर त्या रस्त्याच्या तोंडावरून परत पाठवतात. जुलैच्या तारखा १ जूनला सकाळी ८ ला उघडतात.

सुहासकाका : म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मी बसतो लॅपटॉप घेऊन. आयआरसीटीसीवर तत्काळची सवय आहे मला.

निनाद : काका, मीच करतो, गाडी माझ्या नावावर आहे. आणि नाही मिळालं तर राहिलेली आदल्या दिवशी संध्याकाळी ७ ला सोडतात. सकाळचा ७ ते ९ चा वेळ बघतो. दिलेल्या दोन तासांत आत शिरायचं असतं, बाहेर कधी यायचं त्याला बंधन नाही.

शैलाआत्या : इतक्या पहाटे म्हाताऱ्या माणसाला का उठवायचं? जेवून निघा आरामात.

निनाद : आत्या, दोन कारणं. पार्किंग लवकर भरतं, मग खाली गाडी लावून पार्कच्या मोफत बसने वर जावं लागतं. ते चालेल एकवेळ. दुसरं कारण म्हणजे विजा. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही मान्सून म्हणतात, पण तो आपल्यासारखा दिवसभर रिपरिप करत नाही. सकाळी आभाळ निळंशार असतं, दुपारी बघता बघता ढग चढतात आणि कडकडाट सुरू. बाराच्या आत उतरणीला लागायचं हा इथला साधा नियम.

सुहासकाका : रेनकोट घेऊन जा मग.

निनाद : रेनकोटने वीज अडत नाही काका.

सुहासकाका : धबधब्यात भिजायचं तर असेलच ना? नाहीतर धबधबा कशाला?

गौरी : काका, भुशी डॅम डोक्यातून काढून टाका. अल्बर्टा फॉल्स तीसेक फुटांचा, पण पाणी वितळलेल्या बर्फाचं. हात घातला की बोटं बधिर. खडक गुळगुळीत घासलेले, कडेला ओले. पाय घसरला की माणूस सरळ प्रवाहात. बाजूच्या सुक्या दगडांवर बसायचं, आवाज ऐकायचा, दशमी खायची. ओवीलासुद्धा हाताला धरूनच नेते मी.

मीनाकाकू : आई विचारताहेत, तिथलं पाणी छोट्या कमंडलूत भरून प्यायलं तर चालेल का. बर्फाचं म्हणजे गंगेसारखंच म्हणताहेत.

केतकी : काकू, प्यायचं नाही. दिसायला कितीही नितळ असलं तरी त्यात पोटाचे जंतू असतात. उकळून किंवा गाळणीतून गाळूनच. घरून पाणी न्या, माणशी किमान लिटर, आणि तहान लागायची वाट बघू नका.

मीनाकाकू : आई म्हणताहेत, ‘मग पायावर घालते, त्याला डॉक्टर लागत नाही ना?’

केतकी : पायावर घालायला हरकत नाही आजी. कुणीतरी बाटलीत आणून देईल, तुम्ही काठावर वाकायचं नाही 🙏

मंदार : उशिरा येतोय चर्चेत. एवढं चालण्यापेक्षा ट्रेल रिज रोडने गाडीतून जा ना. रस्ताच १२,१८३ फुटांपर्यंत जातो. आजी गाडीत बसून, जिथे झाडं उगवायची थांबतात त्याच्याही वर.

केतकी : चालत नसलात तरी उंची तीच असते मंदार. पहिल्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी सगळे ठणठणीत असतील तर जाऊन, थोडं थांबून, लगेच खाली.

मंदार : आणि एमराल्डच्या वाटेवर बर्फ? माझा मित्र जूनमध्ये गेला होता, बुटांना काटे लावून.

निनाद : जूनमध्ये असतो. जुलैच्या मध्यापर्यंत वाट बहुतेक मोकळी होते. सावलीत थोडे पट्टे राहतात. ड्रीम लेकच्या पुढे एमराल्डपर्यंत ओढ्याच्या कडेने जावं लागतं, तो भाग सगळ्यात सुंदर आणि दगडांचा पण तोच. बाबा, तुम्ही आणि मी जाऊ. ओवी ड्रीमपर्यंत गौरीबरोबर.

शैलाआत्या : मग आई धबधब्याला जाणार की नाही? वाचून वाचून डोळे दुखले माझे.

गौरी : आत्या, आदल्या दिवशी दुपारी एस्टेस पार्कला मुक्कामाला. सकाळी स्प्रेग लेक, एक निवांत फेरी. तिथे आजीला बरं वाटलं तर बसने बेअर लेक, बाकावर चहा. धबधब्याचं आजीने तिथे बसून स्वतः ठरवायचं. जायचं झालं तर ग्लेशियर गॉर्जला उतरून तिथून चालू. बेअर लेकवरूनही वाट आहे, पण ती आधी उतरते आणि मग चढते, परत येताना तोच उतार चढावा लागतो. जिथे दम लागेल तिथून मागे फिरायचं. ओढा वाटेत बराच आधीपासून ऐकू येतो.

शैलाआत्या : हे तू आधी लिहिलं असतंस तर मी एवढी भांडलेच नसते. चालेल. पण काठी हवी. दोन काठ्या. आणि साडी नेसून नाही.

मीनाकाकू : आई पंजाबी ड्रेसला तयार आहेत. स्वेटर, कानटोपी, टोपी वेगळी उन्हाची. अजून काय?

निनाद : उन्हाचं मलम भरपूर, तिथे ऊन चटकन भाजतं. खाण्यातलं एक सांगतो, दगडावर डबा उघडला की खारी जमा होतात, अगदी मांडीवर येतात. कितीही गोड दिसल्या तरी दाणा द्यायचा नाही, मनाई आहे. एल्क म्हणजे मोठं हरीण दिसलं तर ७५ फुटांच्या आत जायचं नाही, मूस म्हणजे त्याहून थोराड हरीण असेल तर १२०. स्प्रेग लेकवर मूस येतं कधीकधी.

मीनाकाकू : आई म्हणताहेत, ‘आपल्या दारी आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं?’

निनाद : आजी, दार त्यांचं आहे, आपणच पाहुणे आहोत 😄

अनिलकाका : आलो नेटवर्कमध्ये. एकूण खर्च किती?

गौरी : बाबा, राहायचं बुकिंग केलंय मी. तुम्ही फक्त डबा सांभाळा.

मीनाकाकू : दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. तिथे गौरीच्या स्वयंपाकघरात आदल्या दिवशी करू. लाडू इथून आणते.

सुहासकाका : लाडू इकडेही पाठवा थोडे. मी अंतराचा, उंचीचा तक्ता करून टाकतो संध्याकाळी.

शैलाआत्या : तक्ता नको. बूट हवेत. आईकडे चपलांशिवाय काही नाही. वहिनी, उद्या साडेचारला लक्ष्मी रोडला जाऊ, तिला घेऊनच. आत्ता घेतले म्हणजे महिनाभर सोसायटीच्या बागेत घालून फिरेल. कोरे बूट थेट तिथे काढले तर पहिल्या मैलात फोड येतील.

केतकी : अंगठ्यापुढे थोडी जागा ठेवा आत्या, जाड मोजे घालून मापा. आणि दुपारीच जा, तोपर्यंत पाय किंचित सुजलेले असतात, तेच माप बरोबर.

मीनाकाकू : आई तयार आहेत. म्हणताहेत, पांढरे नकोत, मळतात.