शब्दचर्चा : ऐकणे, पाळणे आणि 'आपला आज्ञाधारक'

बोरूबहाद्दर
आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथ शाळेसाठी, म्हणजे मुलांच्या बायबलवर्गासाठी, मुलांची छोटी पुस्तिका लिहितोय. सात-आठ वर्षांची पोरं. एक धडा बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायातल्या दोन मुलांच्या दाखल्यावर (येशूने सांगितलेल्या बोधकथेवर) आहे. बाप म्हणतो, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. एक मुलगा 'नाही जात' म्हणतो आणि नंतर मन पालटून जातो. दुसरा 'जातो' म्हणतो आणि जात नाही. बापाचं कुणी केलं, एवढाच प्रश्न.

धड्याचं नाव आधी 'आज्ञापालन' लिहिलं. मग 'आज्ञाधारकपणा'. दोन्ही खोडली. 'आज्ञाधारक' वाचलं की मला शाळेतला रजेचा अर्ज आठवतो. वर पोटदुखीची थाप आणि खाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. या अर्थाला धडधाकट मराठी शब्द आहे की नाही?

अर्धविराम
'धारक'च गोत्यात आणतो. खातेधारक, शिधापत्रिकाधारक, तसा आज्ञाधारक! आज्ञा जवळ आहे, वापरली नाही. 'आज्ञांकित' जरा बरा, पण तोही अर्जाच्या तळाशीच राहतो. घरात कोणी बोलत नाही.

बोरूबहाद्दर
अगदी. घरात काय बोलतो? 'पोरगं ऐकत नाही.' त्याचे कान ठणठणीत असतात, तरी ऐकत नाही. म्हणजे आज्ञापालनाला आपल्याकडे रोजच्या वापरातलं क्रियापद आधीपासून आहे : ऐकणे. मजा विभक्तीत आहे. 'आईचा आवाज ऐकला' म्हणजे कानावर पडला. 'आईचं ऐकलं' म्हणजे उठून केलं. एका 'चं'ने कानातली गोष्ट हातापायांत उतरते.

हिब्रू 'शमा'चंही असंच आहे, ऐकणं आणि मानणं एकाच धातूत. जुन्या करारात, मुळात हिब्रू असलेल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (६:४) आमच्या घरच्या बायबलात 'हे इस्राएला, श्रवण कर' असं आहे. श्रवण म्हटलं की मांडी घालून बसलेला श्रोता दिसतो, मागे तंबोरा. 'ऐक!' म्हटलं की आई दिसते, हातात लाटणं. माझं मत लाटण्याच्या बाजूने.

मोडीवाला
विभक्तीचा मुद्दा आवडला, पण घाई करू नका. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात म्हटलंय, वचनाप्रमाणे करणारे व्हा, नुसते ऐकणारे राहू नका. तिथे ऐकणं आणि करणं मुद्दाम वेगळं काढलंय. 'ऐकणे'मध्येच करणं आलं असं धरलं तर ते वाक्यच कोसळतं. 'नुसतं ऐकणं' नावाची गोष्ट असते, म्हणून तर त्याला लिहावं लागलं.

आता ग्रीक, नव्या कराराची मूळ भाषा. 'आकूओ' म्हणजे ऐकणे. त्याला 'हुपो' (खाली) हा उपसर्ग लागून 'हुपाकूओ' होतो, तोच आज्ञा मानणे. लॅटिनमध्येही ऐकण्याच्या 'औदिरे'वरूनच 'ओबोएदिरे' आला, आणि इंग्रजी 'ओबे' त्याचाच वंशज. पण नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात हाच 'हुपाकूओ' अगदी साध्या अर्थाने येतो. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून रात्री दार ठोठावतो आणि रुदा नावाची दासी 'हुपाकूओ' करायला येते, म्हणजे कोण आलंय याचा कानोसा घ्यायला. दाराच्या हाकेला जाणं, बस. गंमत पुढे आहे. तिने पेत्राचा आवाज ओळखला, आनंदाने वेडी झाली, आणि दार न उघडताच आत पळाली सगळ्यांना सांगायला! पेत्र बाहेर ठोठावतोच आहे. ऐकलं शंभर टक्के, सांगितलंही सगळ्यांना, कडी काढायची राहिली.

बोरूबहाद्दर
रुदाचा वेगळा धडाच होईल! पोरांना दार न उघडण्याची गोष्ट फार आवडेल. आणि हरकत मान्य. 'ऐकणारे' असं नुसतं म्हटलं की कान उरतात, 'कुणाचं' हे आलं की हातपाय येतात.

नगरी
मी पाळणेवाली. आज्ञा पाळतात, शब्द पाळतात, वेळ पाळतात, सुतक पाळतात, म्हैसही पाळतात. शेवटचं गमतीने घेऊ नका. म्हैस पाळणं म्हणजे पहाटे उठणं, वैरण, पाणी, शेण. 'मला म्हैस फार आवडते' म्हणून ती पाळली जात नाही. आणि आमच्याकडे चर्चच्या पुढाऱ्याला काय म्हणतात? पाळक!

मोडीवाला
छान. मूळ ग्रीक 'तेरेओ' हाही राखणे, पहारा करणे असाच शब्द. मत्तयाच्या २८व्या अध्यायात तो दोनदा येतो. आधी येशूच्या कबरेवरचे पहारेकरी म्हणजे 'राखणारे', ते भीतीने मेल्यासारखे होतात. आणि अध्यायाच्या शेवटी येशू शिष्यांना सांगतो, मी आज्ञापिलेलं सगळं 'राखायला' लोकांना शिकवा. मराठीत पहारेकरी आणि पाळणं असे दोन शब्द झाल्यामुळे हा धागा तुटतो. 'पाळत' हा आपला शब्द दोन्हीकडे चालला असता, पण त्याला पोलिसी वास लागलाय.

बोरूबहाद्दर
आता माझी जुनी खुटखुट. रोमकरांस पत्रात (३:२८) प्रेषित पौल म्हणतो की माणूस नियमशास्त्रातल्या 'कर्मांवाचून' विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब (२:२४) म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे तर 'क्रियांनी'. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द, 'एर्गा'. आमच्या भाषांतराने एकीकडे कर्म केलं, दुसरीकडे क्रिया. भांडण मिटवायला की काय कोण जाणे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरला हेच भांडण इतकं खुपलं की १५२२च्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं. मराठी वाचकाला त्या रागाचं कारणच कळत नाही, कारण आपल्याला दोन वेगळे शब्द दिसतात. बरं, 'क्रिया' तरी काय शब्द! व्याकरणात नाही तर तेराव्याला.

अर्धविराम
'करणी' घ्या म्हटलं असतं, पण तिला लिंबू-मिरची चिकटलीय.

नगरी
याकोबाने स्वतः दिलेलं उदाहरण मात्र अस्सल मराठी आहे. भाऊ-बहीण उघडेनागडे, उपाशी दारात उभे, आणि तुम्ही म्हणता, सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा. देत काहीच नाही. याला आमची आजी एकच म्हणायची : बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

आणि याच्या उलट बाजूला पंडिता रमाबाई. तरुणपणी दुष्काळानेच त्यांचे आईवडील नेले होते. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून अनाथ मुली, विधवा यांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. पुढे तिथे शेकडो जणी झाल्या. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, छापखाना. वस्तीचं नाव 'मुक्ती'. शब्दाच्या दृष्टीने बघा, चर्चमध्ये आपण मुक्तीला 'तारण' म्हणतो आणि तो शब्द प्रवचनातच राहतो. त्यांनी मुक्तीला ओसरी, चूल आणि धान्याचं कोठार दिलं.

तुमच्या शब्बाथ शाळेसाठी महत्त्वाची गोष्ट पुढची. याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं, आणि का, तर प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांच्या डोक्यावरून जाते म्हणून. संस्कृतवरच्या प्रभुत्वासाठी कलकत्त्यात 'सरस्वती' पदवी मिळालेली विदुषी हे म्हणते! १९२२च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, भाषांतराचं काम तोवर हातावेगळं केलं होतं. केडगावच्याच छापखान्यात ते छापलं गेलं. शब्द सोपा करणं हे त्यांच्या लेखी धान्य निवडण्याइतकंच काम होतं. 'आज्ञापालन' त्यांना चाललं असतं का, मला शंका आहे.

इतबार
एक वेगळं टोक. 'इमान' अरबीत श्रद्धा. मराठीत आल्यावर काय झालं? इमान राखणे, इमानी कुत्रा, इमानेइतबारे काम केलं. म्हणजे मनातली श्रद्धा आपण थेट वागण्यात नेऊन बसवली. ग्रीक 'पिस्तिस'मध्येही दोन्ही आहेत, विश्वास आणि विश्वासूपणा. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांच्या यादीत तो विश्वासूपणा होऊन येतो. मराठी चर्चने 'विश्वासणारे' शब्द घडवला, पण 'इमानी' घेतला नाही.

मोडीवाला
कुत्र्यामुळे असेल!

वसईवाली
आमच्या वाडीतून दोन ओळी. मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, हा शब्दच लॅटिन विधीच्या शेवटच्या घोषणेतून आलाय, 'इते, मिस्सा एस्त'. 'इते' म्हणजे जा. म्हणजे अख्ख्या उपासनेला तिच्या निरोपावरून नाव पडलंय. आम्ही मात्र 'मिस्साला जातो' म्हणतो आणि मिस्सातून 'येतो'.

बोरूबहाद्दर
या 'जातो'ने माझं काम केलं! पुन्हा दाखला उघडला. दुसरा मुलगा ग्रीकमध्ये 'जातो' असंही म्हणत नाही. तो फक्त म्हणतो, 'एगो, क्युरिए', मी आहे की, महाराज. क्रियापदच नाही! आणि हा 'क्युरिए' तोच, जो सातव्या अध्यायात 'प्रभूजी, प्रभूजी' म्हणणाऱ्यांच्या तोंडी आहे. पहिला मुलगा 'महाराज' वगैरे काही म्हणत नाही, तोंड वाकडं करून 'नाही' म्हणतो आणि तासाभराने टोपली घेऊन मळ्यात दिसतो. (टोपली माझी. मत्तयाने दिलेली नाही.)

मराठीत 'जातो' हा वर्तमानकाळ फसवा आहे. दुकानात जातोस का? 'जातो.' आणि पोरगा पलंगावरच. पुस्तिकेत हेच ठेवतो. धड्याचं नाव : 'जातो म्हणाला, गेला नाही'. आज्ञा, पालन, धारक सगळे बाहेर. आत एकच प्रश्न छापतो : बाबांचं कुणी ऐकलं?

अर्धविराम
नाव झकास. फक्त पहिल्या मुलाच्या चित्राखाली नुसतं 'हा गेला' असं छापू नका. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ वेगळा होतो.

बोरूबहाद्दर
बरं झालं सांगितलंत, तेच टाईप केलं होतं. 'हा मळ्यात गेला' करतो.