काँक्रीटच्या रस्त्यावर गाडीत प्रचंड घोंघाट, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, डांबरी रस्त्यावर ठीक चालते पण समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर चढलं की ८० च्या पुढे मागच्या सीटखालून असा घोंघाट सुरू होतो की आई मागे बसली असेल तर तिच्याशी बोलताच येत नाही, तिला ऐकायला आधीच कमी येतं आणि नागपूरपर्यंत बिचारी गप्प बसून राहते, फार वाईट वाटतं.

रिकामा रस्ता बघून न्यूट्रलमध्ये टाकून बघितली, आवाज तसाच, म्हणजे इंजिनचा नाही. स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे केलं तरी फरक नाही, त्यामुळे चाकाचं बेअरिंग नसावं असं वाटतंय. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३३ पीएसआय आहे. टायरवर ०९१९ लिहिलंय, म्हणजे २०१९ च्या नवव्या आठवड्यातले, आणि मागच्या डाव्या टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवला की करवतीसारखं टोचतं. दारांच्या रबरात कागद अडकवून ओढला, मागच्या दोन्ही दारांना सहज निघून आला, म्हणजे तिथे रबर नीट दाबून बसत नाही.

गॅरेजवाला म्हणतो सगळ्या गाडीला डॅम्पिंग शीट (पत्र्याचा कंप आणि आवाज कमी करणारी चिकटपट्टी) मारून घ्या, पण मला वाटतं टायर खराब असताना शीट लावून पैसे वायाच जातील. आधी टायर बदलून चाकांची अलाइनमेंट करू, का आधी दारांचं रबर बदलू? कमी आवाजाचा टायर कुठला घेतलात? आणि फक्त मागच्या व्हील आर्चला (चाकावरच्या कमानीला) शीट लावून कोणाला खरंच फरक पडलाय का, प्लीज अनुभव सांगा.