प्रतिसाद: किलोभर डाळ आणि लस
"खेड्यातल्या लोकांना लसीचं महत्त्वच कळत नाही, आधी जनजागृती करा" हे मत मला अजिबात पटत नाही. उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या स्वयंसेवी संस्थेसोबत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १३४ गावांत हेच तपासलं. निष्कर्ष २०१० साली छापून आले. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के. ठरल्या दिवशी हमखास भरणारं शिबिर होतं तिथे १८. त्यावर दर खेपेला किलोभर डाळ आणि शेवटी थाळ्यांचा संच दिला, तिथे ३९! आई अडाणी नसते हो. लसीनंतर तापलेलं पोर आणि बुडालेला रोज तिला आज दिसतो, टळलेला गोवर कधीच दिसत नाही. शिवाय डाळ वाटूनही पूर्ण लसीकरण झालेल्या बालकामागचा खर्च नुसत्या शिबिरापेक्षा जवळपास निम्म्यावर आला, कारण शिबिरातली नर्स रिकामी बसून राहत नव्हती.