१४ वर्षांची मुलगी वजन कमी करायला जेवणच सोडतेय, काय करू?

जळगावची आई
नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे, १४ पूर्ण, उंची १५४ सेंमी आणि वजन ६३ किलो. दिवाळीत नात्यातल्या एका बाईने सगळ्यांसमोर "काय वं, किती फुगली" म्हटलं आणि तेव्हापासून पोरीने मनावरच घेतलंय. सकाळी नुसतं लिंबू-मध पाणी, शाळेचा डबा तसाच परत, रात्री काकडी, आणि मग अकरा वाजता अभ्यास करता करता केळीच्या वेफर्सचं अख्खं पाकीट संपवते आणि नंतर रडते. मागच्या आठवड्यात शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली म्हणून मी खरंच घाबरलेय. त्यात कॉलनीतली एक ओळखीची म्हणते की पावडरचा शेक दे दोन वेळा, महिन्यात ५ किलो उतरतील. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा शेवभाजी असतेच, सासूबाईंना वर तर्री लागते. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करू का? केळी, भात बंद करू का? जिम लावू का? कृपया अनुभव असेल त्यांनी सांगा.

चोपड्याची पोर
काकू, मी आता २२ ची आहे पण १६ व्या वर्षी मी अगदी हेच केलं होतं म्हणून लिहितेय. दोन महिने एक वेळ जेवले, ७ किलो कमी झालं, सगळे कौतुक करत होते, आणि मग पाळी बंद झाली चार महिने आणि केस एवढे गळायला लागले की वेणी अर्धी राहिली. जेवायला लागल्यावर वजन सगळं परत आलं, वर ३ किलो जास्त. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री असं तुटून पडायला होतंच, त्यात तिचा काही दोष नाही, शरीर मागतंच. आधी तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आपल्यासारखं नुसतं वजन-उंचीवरून ठरवत नाहीत या वयात, वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्ता असतो त्यावर बघतात. रक्त कमी आहे का, थायरॉईड, साखर, पाळी नियमित आहे का हे सगळं विचारा, आणि मानेवर मागच्या बाजूला काळपट जाडसर पट्टा दिसतो का तेही दाखवा, तो मळ नसतो, इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. माझी आई तो घासून काढायची. शेक वगैरे अजिबात नको काकू, हात जोडते. आणि रोज काट्यावर उभं करू नका तिला. तुम्ही लिहिलंय तसं लपून खाणं आणि मग रडणं चालूच राहिलं तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका.

भुसावळची मावशी
ताई, वेगळा स्वयंपाक बिलकुल करू नको. पोरीच्या ताटात उकडलेलं आणि बाकीच्यांच्या ताटात तर्री, याच्यासारखी शिक्षा नाही. घराचंच बदल. आमच्या घरी चौघांत महिन्याला ५ किलो तेल लागायचं, हिशोब केला तर माणशी दिवसाला ४० ग्रॅमच्या वर, म्हणजे पावणेचारशे कॅलरी नुसत्या तेलातून. आता कॅन बाजूला ठेवून महिन्याचं ३ किलो मोजून बरणीत काढते, तेवढ्यातच भागवायचं. शेवभाजी कर ना, पण आठवड्यातून एकदा, रस्सा चमचाभर तेलातच, आणि शेव वाढताना टाकायची, मूठभर, ताट भरून नाही. सासूबाईंना तर्री वेगळी कढल्यात काढून दे.

आपल्याकडे तर कळण्याची भाकरी आहे माय! ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेले, धान्य आणि डाळ एकाच घासात, पोट भरतं आणि लवकर भूक लागत नाही. फक्त वरून कच्च्या तेलाची धार आपण ओततो ती एक चमच्यावर आण. हिवाळ्यात भरीत खाऊ दे पोटभर, वांगं भाजलेलं असतं, पण भरितासोबत पुऱ्या नको, भाकरीच. केळी बंद करायची काहीच गरज नाही, एका केळ्यात साधारण १०० कॅलरी, त्याच केळ्याचे तळून वेफर्स केले की तेल पिऊन बसतात. भातही बंद नको, एक वाटी भात, दोन वाट्या घट्ट वरण असं उलटं कर. लिंबू-मध पाण्याने चरबी जळत नाही गं, तो मध साखरच आहे. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, ते मात्र घरात आणूच नका, ताक ठेवा. आणि सकाळी शाळेला उपाशीपोटी पाठवू नको, दूध-केळं तरी, नाहीतर रात्रीची भाकरी दह्यात कुस्करून.

धुळ्याचा खेळशिक्षक
जिमची घाई नको. या वयात रोज तासभर हालचाल हवी, जागतिक आरोग्य संघटना पण ६० मिनिटंच सांगते ५ ते १७ वयाला, आणि ती एकदम नाही केली, २०-२० मिनिटं तुकड्यात केली तरी चालते. क्लासला स्कूटीवर सोडता का? सायकल द्या. संध्याकाळी दोरीच्या उड्या, कबड्डी, खोखो, जे आवडेल ते. आठवड्यातून तीन दिवस उठाबशा, भिंतीला हात लावून जोर अशी ताकदीची कामं पण हवीत. आपल्या खान्देशात एप्रिल-मे मध्ये पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावरच, आणि चक्कर येणाऱ्या मुलीला उपाशीपोटी पळवू नका, आधी दोन-तीन आठवडे फक्त चालणं. तुम्हाला मेहरूण तलाव जवळ असेल तर तिला एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. माझ्या वर्गातल्या मुली एकट्या चार दिवसात सोडतात, घरचं कोणी सोबत असलं की टिकतात.
अजून एक, झोप. या वयाला ८ ते १० तास लागते. अकरा-बारापर्यंत जागी राहिली तर भूक लागणारच. मोबाईल दहाला हॉलमध्ये, सगळ्यांचे, तुमचा पण.

जळगावची आई
सगळ्यांचे मनापासून आभार, चोपड्याच्या ताईचं वाचून मला रडूच आलं. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, गोळ्या चालू केल्यात, थायरॉईडचा रिपोर्ट उद्या. ते म्हणाले किलो मोजू नका, उंची अजून थोडी वाढेल, सध्या वजन आहे तिथेच थांबलं तरी पुरे. हे ऐकल्यावर तिचा चेहराच बदलला. आज सकाळी साडेसहाला दोघी तलावावर गेलो, ती अर्ध्या फेरीत दमली म्हणून बाकावर बसलो आणि पहिल्यांदा तिने सांगितलं की शाळेत पण मुलं चिडवतात. मला माहीतच नव्हतं. मावशी, कळण्याला उडीद सालासकट घ्यायचे ना?

भुसावळची मावशी
हो माय, सालासकट, काळे. आणि मीठ दळतानाच टाक.