मुलाच्या फोनमधला ‘खरा पुरुष’ आणि परक्या सरकारांची ढवळाढवळ, यात संबंध किती?

ड्रेस्डेनची_आई
नमस्कार मंडळी, एरवी नुसतं वाचते, आज लिहितेय कारण घरात यावरून दोन महिने धुसफूस चालूये. आम्ही बरीच वर्षं ड्रेस्डेनला, मुलगा इथेच जन्मला, आता १८ चा. जून २०२४ ला युरोपियन पार्लमेंटच्या निवडणुकीत जर्मनीत पहिल्यांदाच १६ वर्षांच्या मुलांना मत होतं, तेव्हा तोही गेला होता मत द्यायला. त्याच्या थोडं आधीची गोष्ट, मी पोहे परतत होते आणि त्याने ओट्यावर डब्याला फोन टेकवून एक टिकटॉक दाखवला. आमच्या सॅक्सनी राज्याचाच माक्सिमिलियान क्राह, एएफडी या कडव्या उजव्या पक्षाचा तेव्हाचा मुख्य उमेदवार, सरळ कॅमेऱ्यात बघून सांगतोय की जर्मनीत तीनातल्या एका तरुणाला कधी मैत्रीणच नव्हती, तू त्यातलाच का? मग पॉर्न बघू नकोस, ग्रीन पार्टीला मत देऊ नकोस, बाहेर मोकळ्या हवेत जा, खरे पुरुष उजवेच असतात, मग मैत्रीणही मिळेल. मी हसले आणि तो नाही हसला. ते मला अजून टोचतंय.

नवरा म्हणतो हा सगळा रशिया-चीनचा पैसा, क्राहच्या ऑफिसातला माणूस चीनचा हेर म्हणून पकडलाच की. मुलगा म्हणतो आई, मला एकटं वाटतं ते काय पुतिनने शिकवलं? दोघांचंही मला पटतं आणि दोघांचंही पटत नाही. कोणी नीट समजावेल का?

जुनी_कात्रणं
ताई, आधी एक गाठ सोडवूया. क्राहच्या ऑफिसातल्या त्या मदतनिसाला एप्रिल २०२४ मध्ये पकडलं, तुमच्याच ड्रेस्डेनच्या कोर्टाने सप्टेंबर २०२५ ला ४ वर्षं ९ महिन्यांची शिक्षा दिली, पण ती कशाची तर युरोपियन पार्लमेंटमधली माहिती चीनला पुरवल्याची. क्राह स्वतःवरचे आरोप नाकारतो. हेरगिरी वेगळी आणि तुमच्या मुलाने पाहिलेला व्हिडिओ वेगळा, तो क्राहने उघडपणे, आपल्या मतांसाठी केलेला. या दोन गोष्टी एकत्र बांधल्या की मुलगा लगेच म्हणणार बघा, बाबा कशालाही काहीही जोडतात, आणि तिथे त्याचं चुकत नाही.

आता ढवळाढवळीचं. डोव्ह लेव्हिन नावाच्या अभ्यासकाने अमेरिका आणि सोव्हिएत-रशिया या दोघांनी १९४६ ते २००० मध्ये दुसऱ्यांच्या निवडणुकांत केलेल्या हस्तक्षेपांची मोजदाद केली, ११७ निघाले, ८१ अमेरिकेचे आणि ३६ सोव्हिएत-रशियाचे. म्हणजे हे एकट्या रशियाचं काम नाही हे आधी धरून चला.

त्यातली तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळची केस चिलीची, १९६४. डाव्यांचा उमेदवार आयेंदे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येऊ नये म्हणून सीआयएने त्याचा प्रतिस्पर्धी फ्रे याच्या पक्षाला २६ लाख डॉलरच्या आसपास दिले आणि प्रचारावर वेगळे ओतले. पोस्टर, पत्रकं, रेडिओ, सगळीकडे सोव्हिएत रणगाडे आणि क्युबातले गोळ्या घालणारे शिपाई. अमेरिकेच्या सिनेटने १९७५ साली स्वतःच छापलंय की हा भीतीचा प्रचार खास करून बायकांसाठी होता. चिलीत तेव्हा बाया आणि पुरुष वेगवेगळ्या टेबलांवर मत द्यायचे, त्यामुळे कोणाची मतं कुठे गेली ते आकड्यांत दिसायचं, आणि फ्रेला बायकांची मतं पुरुषांपेक्षा खूपच जास्त मिळाली. आता ती सगळी त्या पोस्टरांमुळे असं नाही म्हणता येणार, चर्चचा जोर होता, फ्रे स्वतः लोकप्रिय होता. पण घरातल्या आईला मुलांची काळजी असतेच हे वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसांनी बरोबर हेरलं होतं. काळजी खरी होती, तिच्यावर पैसे लावणारा परका होता. आज आईच्या काळजीच्या जागी तरुण मुलाचा एकटेपणा आलाय एवढंच.

बुखारेस्ट_ते_बोरिवली
मी ३ वर्षं रोमानियात होतो, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची २४ नोव्हेंबर २०२४ ची पहिली फेरी तिथेच पाहिली. कालिन जॉर्जेस्कू, ज्याला पोलमध्ये कोणी विचारत नव्हतं, तो जवळपास २३ टक्के घेऊन पहिला, आणि खर्च किती दाखवला तर शून्य! ऑफिसातली पोरं मला त्याचे व्हिडिओ दाखवायची, कधी ज्युडो, कधी पांढऱ्या घोड्यावर, कधी गार पाण्यात पोहताना, देव, देश, बाप, सगळं एकात. ४ डिसेंबरला सरकारने गुप्तचर खात्याचे कागद खुले केले, त्यात होतं की एका माणसाने टिकटॉकवरच्या इन्फ्लुएन्सरांना ३,८१,००० डॉलर दिले आणि एकूण पद्धत रशियासारखी आहे. ६ तारखेला घटनात्मक कोर्टाने निवडणूकच रद्द केली.

पण नंतर तिथल्या कर खात्याच्या तपासातून बाहेर आलं की टिकटॉकवरच्याच एका कॅम्पेनचे पैसे सत्तेतल्याच लिबरल पक्षाने दिले होते आणि फायदा झाला जॉर्जेस्कूचा. सांगा आता, कोणाला परका म्हणायचं? आणि मग फेब्रुवारी २०२५ ला म्युनिकमध्ये अमेरिकेचा उपाध्यक्ष व्हान्स भाषणात म्हणतो निवडणूक रद्द करणं चूक. त्याच महिन्यात ते टेट बंधू, पोरांना ‘पुरुषत्वा’चे धडे देणारे इन्फ्लुएन्सर, ज्यांच्यावर रोमानियात मानवी तस्करीचे आरोप होते (ते आरोप नाकारतात), त्यांना देशाबाहेर जायची परवानगी मिळाली आणि ते विमानाने फ्लोरिडाला गेले. अमेरिकेच्या माणसाने म्युनिकला त्यांचा विषय काढला होता हे रोमानियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनीच मान्य केलं, दबाव नव्हता असंही म्हणाले. माझ्या ऑफिसातल्या त्याच पोरांना हा त्यांचा विजय वाटला. एका मोठ्या देशाचं सरकार कोणाच्या बाजूने उभं राहतंय हे पोरं बघत असतात, त्यासाठी बॉट लागत नाहीत. मे २०२५ ला फेरनिवडणुकीत युरोपच्या बाजूचा निकुशोर दान ५३.६ टक्के मतं घेऊन जिंकला तेही तितकंच खरं.

तारीख_पे_तारीख
मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझी ४९८अ ची (बायकोच्या छळाच्या आरोपाची) केस ४ वर्षं चालली, निर्दोष सुटलो, त्यात लेकीचं पहिली ते चौथी असं सगळं बालपण गेलं, महिन्यातून दोनदा कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत भेटायची, तिथे एक तुटका घसरगुंडीचा खेळ होता, ती त्याच्याशीच बोलायची. तेव्हा मला ऐकून घेणारे फक्त पुरुष हक्कवाल्या ग्रुपमधले लोक होते. त्यात बायकांना शिव्या देणारेही होते, मी ते वाचून पुढे जायचो, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. म्हणून ताई, मुलाच्या दुःखाला आधी दुःख म्हणा, रशियाचं नाव नंतर. नाहीतर तो जिथे ऐकून घेतात तिथे जाईल.

सोलकर
वरच्या दादांना अनुमोदन. मी कोरियात ७ वर्षं आहे, इथे तर बाहेरचं कोणी लागलंच नाही. मुलग्यांना दीड वर्ष सक्तीचं सैन्य, मुलींना नाही, नोकऱ्या कमी, घरं परवडत नाहीत, झालं. जानेवारी २०२२ ला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार युन सुक-योलने फेसबुकवर कोरियन लिपीतली सात अक्षरं टाकली, महिला व कुटुंब मंत्रालय बंद. मार्चमध्ये ०.७३ टक्क्यांनी जिंकला, एक्झिट पोलमध्ये विशीतल्या मुलांपैकी ५८.७ टक्के त्याच्याकडे आणि विशीतल्या मुलींपैकी ५८ टक्के विरोधात. एकाच कॉलेजातली, एकाच घरातली भाऊ-बहीण! मंत्रालय काही त्याने शेवटपर्यंत बंद केलं नाही.

आणि गंमत नाही, भयानक आहे हे, डिसेंबर २०२४ ला त्याने मार्शल लॉ लावला आणि निवडणुकांत घोटाळा झाला म्हणाला, मग समर्थकांनी त्यात चीनचं नाव घेतलं. १९ जानेवारी २०२५ ला त्याच समर्थकांनी सोलच्या कोर्टात घुसून काचा फोडल्या, पकडलेल्यांत विशी-तिशीतली पोरं भरपूर. म्हणजे ‘परका हात’ हे वाक्य दोन्ही बाजूंना वापरता येतं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

ड्रेस्डेनची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमच्या घसरगुंडीबद्दल वाचून थांबले बराच वेळ.

काल नवऱ्याला सांगितलं की पुढचा महिनाभर जेवताना रशियाचं नाव काढायचं नाही. मग मुलाला विचारलं, तो व्हिडिओ दाखवलास तेव्हा मी हसले, तुला कसं वाटलं? तो म्हणाला मला वाटलं तू मला हसलीस. एवढंच बोलला आणि ताट उचलून गेला. थोड्या वेळाने परत आला, फोन पुढे केला, आणि म्हणाला मी बघतो तो हा दुसरा एक चॅनल कोण चालवतं ते मलाही माहीत नाही, बघूया का? अकरा वाजेपर्यंत बसलो होतो. मालकाचं नाव काही सापडलं नाही, आज परत बसणार आहोत.