मदत हवी आहे: सफा मशिदीचा कृष्णधवल फोटो

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या फोंड्याच्या सफा मशिदीचा, शेजारच्या तळीसकट, कृष्णधवल फोटो मोठ्या आकारात छापायचा आहे. १५६० सालची ही वास्तू: पांढऱ्या भिंती, वर कौलं आणि तळीच्या काठाने जांभ्या दगडातल्या सुंदर कमानी. माझ्या मते त्या कमानीच फोटोचा जीव आहेत, आणि नेमक्या त्याच हरवताहेत.

रंगीत फोटोत तांबडा जांभा आणि हिरवं पाणी छान वेगळं दिसतं. रंग काढले की दोन्ही एकाच राखाडी छटेत जातात. रूपांतर करताना लाल चॅनेल (फोटोतल्या लाल रंगाचा वाटा) वाढवला तर पाणी गडद होतं, पण जांभा उजळून भिंतीच्या जवळ जातो. हिरवा वाढवला तर दगड छान गडद होतो, मात्र पाणी आणि मागची झाडी फिकी पडते. पोलरायझर (लेन्सवरचा चकाकी कापणारा फिल्टर) फिरवला की पाण्यावरची चकाकी जाते, सोबत प्रतिबिंबही जातं. ते मला हवंच आहे.

तळी आणि दगड वेगवेगळे मास्क करून (म्हणजे फोटोतला तेवढाच भाग निवडून) दोन रूपांतरं जोडावीत का? की पावसात, दगड ओला असताना, ढगाळ उजेडात काढणं बरं? जांभ्याचे कृष्णधवल फोटो कोणी छापले असतील तर कागद मॅट घेतलात की ग्लॉसी, तेही सांगा.